ठोकळ्यांचा ढीग ओतून टीमवर्क येत नाही: वर्गात ब्लॉक चॅलेंज नीट कसं घ्यायचं

शाळेत ब्लॉक्सचा (लेगोसारख्या एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांचा) डबा आला की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. पाच-पाच मुलांचे ग्रुप करायचे, मधे ठोकळ्यांचा ढीग ओतायचा आणि सांगायचं की सगळ्यांनी मिळून उंच टॉवर बनवा, दहा मिनिटं आहेत. मग काय होतं, तर ज्याच्या घरी असे ब्लॉक्स आहेत तो बनवायला घेतो, दुसरा त्याच्या हातातून ओढतो, एखादी मुलगी ठोकळे वेचून देत राहते आणि बाकीचे दोघं नुसते बघतात. टॉवर उभा राहतो, पण त्या दहा मिनिटांत कोणी कोणाला धड एक वाक्य समजावून सांगितलेलं नसतं.

यात मुलांची चूक अजिबात नाही. टॉवर एकट्याने पटकन होतो, मग ते बोलतील कशाला? म्हणून सगळ्यात आधी हे पक्कं करा की काम असं हवं जे एकट्याला करताच येणार नाही, म्हणजे ज्याला माहितीये त्याच्या हातात ठोकळे नाहीत आणि ज्याच्या हातात ठोकळे आहेत त्याला माहिती नाही. आणि दुसरं म्हणजे तेच काम त्याच दिवशी दोनदा करायचं. हे दुसरं बरेच जण गाळतात, आणि शिकणं नेमकं तिथेच असतं, पहिल्या फेरीत मुलांना नुसतं कळतं की आपण अडकलो.

खालची पद्धत तिसरी ते आठवीसाठी आहे. पहिली-दुसरीला घ्यायची असेल तर मोठे ठोकळे घ्या (ड्युप्लोच्या, म्हणजे लेगोच्या लहान मुलांसाठीच्या ठोकळ्यांच्या मापाचे, ते लांबी-रुंदी-उंचीला साध्याच्या दुप्पट असतात) आणि फक्त टप्पा २ आणि ३ करा. पुढचे टप्पे लहान मुलांना झेपत नाहीत, उगाच घाई करू नका.

आधीची तयारी

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ठोकळे निवडताना डब्यातली चाकं, खिडक्या, माणसं, झाडं सगळं बाजूला काढा. ते असलं की मुलं गोष्ट रचायला लागतात, त्यात वाईट काही नाही पण आजचं काम ते नाही, आणि एका चाकावरून भांडण ठरलेलं. फक्त दोनच प्रकार ठेवा, आठ बटणांचा (बटण म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) दोन-बाय-चार आणि चार बटणांचा दोन-बाय-दोन. पातळ पट्ट्या असतील तर त्या टप्पा ६ साठी वेगळ्या ठेवा, तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याएवढी उंची होते, हे तेव्हा कामाला येतं.

वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे असतील तर एका पिशवीत मिसळू नका. दिसायला सारखे असले तरी पकड वेगळी असते, काही सैल बसतात, काही एवढे घट्ट की दाताने काढायला लागतात. तपासायची सोपी पद्धत म्हणजे दहा ठोकळे एकावर एक लावा, वरचा धरून उलटं करा आणि हलवा, सुटले तर ते ठोकळे पुलासाठी (टप्पा ५) वापरू नका. नाहीतर पूल पडतो आणि मुलांना वाटतं आपलं चुकलं, खरं तर ठोकळाच सैल असतो.

पिशव्या आदल्या दिवशी भरा. मुलांचे तिघांचे ग्रुप होतात असं धरा: एक सांगणारा, एक बनवणारा, एक निरीक्षक. प्रत्येक ग्रुपला दोन पिशव्या, अ आणि ब, दोन्हीत तेच सहा ठोकळे, त्याच रंगाचे, त्याच मापाचे. ४२ मुलांचा वर्ग असेल तर १४ ग्रुप, म्हणजे १६८ ठोकळे. एवढे नसतील तर अर्ध्या वर्गाला मैदानावर दुसरं काहीतरी द्या आणि दोन तुकड्यांत घ्या, पण सात-आठ जणांचे ग्रुप करून वेळ मारून नेऊ नका.

सहाच ठोकळे? असं विचारणारे शिक्षक नेहमी भेटतात. दोन-बाय-चारचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, तीन घेतले तर १,०६० प्रकारे, आणि सहा घेतले तर तो आकडा ९१ कोटी ५१ लाखांच्या वर जातो. म्हणजे सांगणाऱ्याने "लाव कसंही" म्हटलं तर बरोबर लागण्याची शक्यता शून्यच समजा. हा आकडा मुलांनाही सांगा, फळ्यावर पूर्ण लिहा, ९१,५१,०३,७६५, मुलं बघत राहतात आणि मग सहा ठोकळ्यांना कमी लेखत नाहीत.

रंगाबद्दल एक गोष्ट. काही मुलांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, आणि बऱ्याचदा हे घरच्यांनाही माहीत नसतं. म्हणून एका पिशवीत लाल आणि हिरवा हे दोन्ही एकत्र ठेवू नका, पिवळा-निळा-पांढरा-लाल असं चालेल.

नमुने तुम्ही स्वतः बनवा. चार पुरेत. पहिला चार ठोकळ्यांचा, सगळे सरळ एका दिशेने. दुसरा सहा ठोकळ्यांचा, त्यात एक फिरवलेला. तिसऱ्यात एक ठोकळा एकाच बटणावर अडकलेला आणि बाकी बाहेर लोंबणारा. चौथ्यात खालून पोकळी, म्हणजे वरून बघितलं तर कळत नाही अशी. प्रत्येकाचा मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो काढून ठेवा कारण कोणीतरी तो तोडणारच आणि मग मूळ कसा होता यावर वाद होतो.

जागा म्हणाल तर बाकांपेक्षा जमीन बरी. बाकावरून ठोकळा पडला की तो शोधायला तिघं खाली वाकतात आणि सगळं थांबतं. सतरंजी घाला, प्रत्येक ग्रुपला घरून एक स्टीलचं ताट आणायला सांगा, ताटाच्या कडेमुळे ठोकळे आत राहतात.

वेळेचं गणित: ३५-४० मिनिटांच्या एका तासात हे बसत नाही, जोडतास मागून घ्या. नियम ५ मिनिटं, पहिली फेरी १२, बोलणं १०, दुसरी फेरी १२, पुन्हा थोडं बोलणं ८, ठोकळे मोजून परत १०, म्हणजे ५७ झाली, उरलेली बसण्या-उठण्यात जातात. एकच तास मिळणार असेल तर फेऱ्या सात-सात मिनिटांच्या करा आणि बोलणं निम्म्यावर आणा, पण दुसरी फेरी कापू नका.

*तपासा:* पिशव्या मोजल्या? अ आणि ब जुळतात? नमुने झाकलेत? निरीक्षकांचे कागद काढलेत? यातलं एक जरी नसेल तर आज घेऊ नका, उद्या घ्या.

टप्पा १: ग्रुप पाडणं आणि नियम सांगणं

ग्रुप मुलांना पाडू देऊ नका. मित्र-मित्र एकत्र आले की ते खुणांनी बोलतात आणि आपल्याला हवंय ते त्यांनी शब्दांनी बोलणं. हजेरीच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून करा.

नियम तीनच सांगा आणि फळ्यावर लिहा. सांगणारा ठोकळ्यांना हात लावणार नाही. बनवणारा नमुना बघणार नाही. निरीक्षक बोलणार नाही, फक्त कागदावर खुणा करेल. बस. जास्त नियम सांगितले की एकही लक्षात राहत नाही.

वर्गात वेगळ्या भाषेची मुलं असतात, हिंदी, कन्नड, पावरी, कोणी ऊसतोडीच्या हंगामात आलेलं असतं. त्यांना मराठीतच बोला असं सांगू नका. ज्या भाषेत ग्रुपला समजेल त्या भाषेत बोलू दे, आणि ग्रुपमध्ये दोन भाषा आल्या तर ते चांगलंच, कारण तिथे मुलं आपोआप सावकाश आणि नेमकं बोलायला लागतात.

*सावध:* बनवणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम पहिल्या फेरीपासून घालू नका. काही ठिकाणी खेळ अवघड व्हावा म्हणून घालतात, त्याने मुलं फक्त चिडतात.

टप्पा २: पाठीला पाठ

सांगणारा आणि बनवणारा पाठीला पाठ लावून बसतात. सांगणाऱ्याच्या ताटात तुम्ही बनवलेला नमुना (पिशवी अ मधून), बनवणाऱ्यासमोर पिशवी ब. १४ नमुने आधी बनवून ठेवणं अवघड जात असेल तर सगळ्या सांगणाऱ्यांना बाजूला बोलवा, तुमचा नमुना दाखवा आणि त्यांनाच त्यांच्या पिशवीतून तो करायला लावा, पाच मिनिटं जातात पण चालतं.

मग सुरू. आता तुम्ही नुसतं फिरा आणि ऐका. पहिल्या दोन मिनिटांत काय ऐकू येतं ते मी सांगतो, कुठल्याही शाळेत जा, हेच: "लाल घे. हां, आता त्याच्यावर निळा असा लाव." असा म्हणजे कसा हे पाठीमागच्याला दिसत नाहीये हे सांगणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, तो हवेत हात फिरवून दाखवत असतो. मग "पिवळा उभा ठेव" असं येतं, आणि बनवणारा तो ठोकळा खरंच टोकावर उभा करायला बघतो, तो बसत नाही, मग तो म्हणतो बसत नाहीये, आणि सांगणारा म्हणतो अरे बसतोय की, माझ्याकडे बसलाय. सांगणाऱ्याला उभा म्हणजे लांब बाजू आपल्यापासून दूर जाणारी असं म्हणायचं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा बावळट आहे.

इथे तुमचं तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात अवघड आहे. "अरे तो उभा म्हणजे आडवा म्हणतोय" असं तुम्ही बोललात की तो क्षण गेला. तुमच्या खिशात कागद ठेवा आणि अशी वाक्यं जशीच्या तशी टिपून घ्या, पुढच्या टप्प्यात तीच वापरायची आहेत.

निरीक्षकाच्या कागदावर चार ओळी: बनवणाऱ्याने प्रश्न विचारला. बनवणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं. सांगणाऱ्याने तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली. कोणी आवाज चढवला. प्रत्येक वेळी एक उभी रेघ. नावं लिहायची नाहीत, चांगलं-वाईट लिहायचं नाही, फक्त रेघा.

*सावध:* वेळ संपली की थांबवा. "अजून दोन मिनिटं, एकच राहिलाय" असं दहा ग्रुप म्हणतील. अर्धवट राहिलेलं चालतं, उलट अर्धवट राहिलेल्याबद्दल मुलं जास्त बोलतात.

टप्पा ३: बोलणं, आणि मग तेच पुन्हा

दोन्ही रचना शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. हशा होतो, होऊ द्या, एक मिनिट जाऊ द्या.

मग प्रश्न. "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "छान वाटलं सर" किंवा "मजा आली मॅडम" याशिवाय उत्तर नाही आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी हे विचारा: कितव्या ठोकळ्यापासून वेगळं झालं? बोटाने दाखवा. त्या ठोकळ्याच्या वेळी नेमकं कुठलं वाक्य बोललं गेलं? त्या वाक्यातून बनवणाऱ्याला काय समजलं होतं? क्रम हाच ठेवा, आधी ठोकळा, मग वाक्य, मग समजूत. असं विचारलं की "याच्यामुळे चुकलं" हे येत नाही, वाक्यामुळे चुकलं हे येतं, आणि मुलं एकमेकांवर चिडायची थांबतात.

निरीक्षकाला आता बोलू द्या. तो रेघा वाचून दाखवतो, "प्रश्न दोनच विचारले, परत एकदाही म्हणून दाखवलं नाही". बारा मिनिटं गप्प बसलेलं मूल असतं ते, त्यामुळे नीट बोलतं.

यानंतर वर्गाने मिळून शब्द ठरवायचे. तुम्ही तयार यादी देऊ नका. तुम्ही टिपलेली वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, हे सगळ्यांना एकच समजेल असं कसं म्हणायचं? साधारण अशा गोष्टी निघतात: ताटाची कोणती बाजू पुढची ते आधी ठरवायचं. डावं-उजवं दोघांनी एकाच दिशेला धरायचं. "लांब बाजू तुझ्या पोटाकडून दूर" असं म्हणायचं. किती बटणं झाकली आणि किती मोकळी राहिली ते मोजून सांगायचं. "असा, तसा, इथे, तिथे" बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऐकणाऱ्याने लावायच्या आधी परत म्हणून दाखवायचं, "निळा, दोन बटणं लालवर, दोन बाहेर उजवीकडे, बरोबर?" मग सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच लावायचा. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणून दाखवतात, हे सांगितलं की मुलांना ते एकदम पटतं.

आता दुसरी फेरी, भूमिका बदलून, नवा नमुना, पण तेवढ्याच अवघडपणाचा. इथे लगेच अवघड नमुना देऊ नका, शब्द नुकतेच ठरलेत, ते वापरून जमतंय हे मुलांना दिसलं पाहिजे.

*तपासा:* दुसऱ्या फेरीत "परत म्हणून दाखवलं" या ओळीवर रेघा वाढल्या का? नसतील वाढल्या तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका, पुढच्या आठवड्यात टप्पा २ आणि ३ परत करा. नमुना जुळला की नाही यापेक्षा या रेघा जास्त सांगतात.

टप्पा ४: तीन कामं, एक रचना

हा वेगळ्या दिवशी. आता तिघंही काम करतात: इंजिनियर चित्र बघून सांगतो, पुरवठादार सांगितलेला ठोकळा शोधून देतो, बिल्डर जोडतो. ही विभागणी मूळची अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांच्या कामातून आलीये, ऑटिझम असलेल्या मुलांना एकमेकांशी बोलायची गरज पडावी म्हणून त्यांनी ती वापरली, पण कुठल्याही वर्गात ती तितकीच चालते कारण तिघांपैकी एक गप्प बसला तर काम पुढे सरकतच नाही.

चौथं मूल असेल तर ते निरीक्षक. पाचवं नको.

दर चार-पाच मिनिटांनी घंटी वाजवा आणि भूमिका फिरवा, अर्धवट कामातच. "आमचं संपू दे मग बदलतो" हे ऐकू नका. अर्धवट काम दुसऱ्याच्या हातात देताना आतापर्यंत काय झालं ते सांगावं लागतं, आणि ते सांगणं हाच या टप्प्याचा खरा धडा आहे. त्यासाठी मुद्दाम तीस सेकंद द्या, ठोकळ्यांना कोणी हात लावायचा नाही, फक्त बोलायचं.

भूमिका फिरवण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलामुलींचा मिश्र ग्रुप असला की बहुतेक वेळा मुलगा इंजिनियर होतो आणि मुलगी पुरवठादार, कोणी सांगत नाही तरी होतं. तुम्ही लक्ष दिलं नाही तर वर्षभर तेच राहील. घंटी वाजली की बदल, यात सूट नाही, आणि कोणाची कुठली भूमिका झाली हे वहीत लिहून ठेवा.

*सावध:* लीडर नेमू नका. लीडर नेमला की बाकीचे त्याला विचारतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

टप्पा ५: पूल

इथे इंजिनियरिंग येतं. दोन बाक २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा, प्रत्येक ग्रुपला दोन-बाय-चारचे ६० ठोकळे, आणि काम असं की पूल दोन्ही बाकांवर नुसता टेकवायचा, चिकटपट्टी नाही. मधोमध सुतळीने कापडी पिशवी लटकवायची आणि त्यात एकसारख्या शंभर पानी वह्या एक-एक करून टाकायच्या. पिशवी जमिनीपासून दहा सेंटिमीटरच वर राहील एवढी सुतळी ठेवा आणि खाली सतरंजी, म्हणजे पूल तुटला तरी कोणाच्या पायावर काही पडत नाही.

क्रम असा ठेवा. आधी पाच मिनिटं ठोकळे न देता फक्त कागद-पेन्सिल. प्रत्येकाने वेगळं चित्र काढायचं, मग एकमेकांना दाखवायचं, मग एक निवडायचं किंवा दोन मिसळायचे. सगळ्यांना एकच कागद दिला तर एकच जण काढतो, म्हणून कागद वेगवेगळे. मग ठोकळे, १५ मिनिटं. मग वह्या.

गणित तुम्हाला माहीत असू द्या, मुलांना आधी सांगू नका. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे दोन-बाय-चारचा ठोकळा साधारण ३२ मिलिमीटर लांब. २० सेंटिमीटरचं अंतर २५ बटणांचं होतं, दोन्ही बाजूंना टेकायला थोडं धरलं तर ३० च्या आसपास. पूल दोनच बटणं रुंद केला तर तो वाकडा होऊन पलटतो, म्हणून शेजारी-शेजारी दोन रांगा, आणि त्या रांगा एकमेकींना बांधायला वरून आडवे ठोकळे. पण ते आडवे ठोकळे खालच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना जातील असे एक बटण सरकवून लावावे लागतात, नाहीतर खालचा सांधा आणि वरचा सांधा एका रेषेत येतो आणि पूल बरोबर तिथेच उघडतो. गवंडी विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही तेच हे. ज्या मुलाचे वडील बांधकामावर आहेत ते मूल हे लगेच ओळखतं, त्याला बोलू द्या, वर्गात एरवी त्याला अशी संधी मिळत नाही.

पूल कुठे तुटला ते जागेवर बघायला लावा. वजन वाढलं की पूल मधे वाकतो, खालची बाजू ताणली जाते आणि खालचे सांधे आधी फटतात. मुलांना डोळे पुलाच्या बरोबरीला आणून बघायला सांगा, वही टाकताना फट वाढताना दिसते, आणि एकदा ती दिसली की "मधे अजून एक थर लावूया" किंवा "जास्त बटणं एकमेकांवर घेऊया" हे त्यांचं तेच म्हणतात.

दुसरी फेरी इथेही हवीच. तुटलेला पूल बघून दोन मिनिटं बोला, एकच गोष्ट बदलायची ठरवा, परत बांधा. एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि ग्रुपमध्ये कोणाचं ऐकलं गेलं तेही कळत नाही.

*सावध:* कोणाच्या पुलाने सगळ्यात जास्त वह्या घेतल्या याची यादी फळ्यावर लावू नका. लावलीत की दुसऱ्या फेरीत सगळे ग्रुप जिंकलेल्याची कॉपी करतात. प्रत्येक ग्रुपने आपली पहिली फेरी आणि दुसरी फेरी एवढंच शेजारी लिहायचं.

टप्पा ६: अर्धा तुमचा, अर्धा आमचा

पाचवी-सहावीच्या पुढे, आणि आधीचे टप्पे नीट झाले असतील तरच. दोन ग्रुप, मधे चादर किंवा कपाट. प्रत्येकाने पुलाचा अर्धा भाग बनवायचा आणि शेवटी दोन्ही अर्धे जोडायचे. प्रत्येक ग्रुपचा एक प्रतिनिधी तीन वेळा भेटू शकतो, दर वेळी दोन मिनिटं, ठोकळे न घेता, फक्त कागद घेऊन. प्रतिनिधी दर वेळी वेगळा.

जवळपास नेहमी हे घडतं की दोघं "सारखी उंची ठेवूया" एवढंच ठरवतात आणि उंची कुठून मोजायची ते ठरवत नाहीत. एक ग्रुप ज्या सपाट पाटीवर ठोकळे बसवलेत त्या पाटीसकट मोजतो, दुसरा पाटी सोडून. जोडताना एक बाजू वर राहते.

हे झालं की त्यांना लाउफेनबुर्गच्या पुलाची गोष्ट सांगा, आधी नाही, नंतर. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मधे ऱ्हाइन नदीवर हा पूल दोन्ही बाजूंनी बांधत आणला जात होता. दोन देश समुद्रसपाटी वेगवेगळ्या समुद्रावरून धरतात, त्यात २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे इंजिनियरांना माहीतही होतं, पण दुरुस्ती करताना ती उलट दिशेने झाली आणि २००३ मध्ये लक्षात आलं की दोन्ही बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक पडलाय. मग एका बाजूला बदल करून पूल पूर्ण केला. मोठ्या माणसांचंही हेच होतं हे कळल्यावर मुलं आपल्या चुकीकडे रागाने नाही, उत्सुकतेने बघतात.

दुसऱ्या फेरीच्या आधी पातळ पट्ट्या द्या, एका ठोकळ्याएवढी उंची तीन पट्ट्यांनी भरते हे त्यांना शोधू द्या. आणि प्रतिनिधीच्या कागदावर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत असं सांगा: किती बटणं रुंद, कुठून मोजून किती ठोकळे उंच, जोडाच्या ठिकाणी वर कोण आणि खाली कोण.

*तपासा:* परत आलेला प्रतिनिधी आपल्या ग्रुपला कागद दाखवून सांगतो, की कागद टाकून स्वतःच बनवायला बसतो? दुसरं होत असेल तर थांबवा आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलाला विचारा, काय ठरलं? त्याला सांगता आलं तरच पुढे.

कायम होणाऱ्या चुका

शिक्षकांचा हात. ग्रुप अडकला की आपण वाकतो आणि एक ठोकळा लावून देतो. हात मागे बांधा. फारच अडकले असतील तर फक्त एवढंच विचारा, "आत्ता तुम्हाला काय माहीत नाहीये, आणि ते ग्रुपमध्ये कोणाला माहीत असेल?"

सगळं स्वतःकडे ओढणाऱ्या मुलाला रागावणं. त्याला सांगणाऱ्याची भूमिका द्या, हात मांडीखाली. त्याच्याकडे कल्पना खूप असतात, फक्त त्या शब्दांतून बाहेर काढायची सवय नसते, आणि हात बंद झाले की ती लागते. एकदम गप्प असणाऱ्या मुलाला पहिल्यांदा निरीक्षक करा, पण सलग दोनदा नको, नाहीतर तो तिथेच लपतो.

मार्क देणं. द्यायचेच असतील तर पूल आणि बोलणं यांचे वेगळे द्या, आणि बोलण्याचे मार्क निरीक्षकाच्या रेघांवरून, तुमच्या मनावरून नाही. फर्स्ट लेगो लीगसारख्या (मुलांच्या टीमने रोबोट बनवायच्या) स्पर्धेची तयारी करणाऱ्या शाळांनी हे जरूर करावं, तिथे रोबोटची एक फेरी अडीच मिनिटांची असते पण परीक्षक टीम एकत्र कशी काम करते तेही बघतात, आणि ते आदल्या आठवड्यात पाठ करून येत नाही.

आवाजाला घाबरणं. हा वर्ग गोंगाटाचाच असतो. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. पाठीला पाठ करताना मात्र ग्रुपमध्ये दोन हात अंतर ठेवा, नाहीतर शेजारच्या सांगणाऱ्याचं ऐकून बनवतात.

आणि दर वेळी नवीन चॅलेंज आणणं. आज टॉवर, उद्या गाडी, परवा किल्ला, असं केलं की मुलांना मजा येते पण कुठलीच सवय बसत नाही. महिन्यातून दोनदा घेतलंत आणि सहा टप्पे अख्ख्या सत्रावर पसरवलेत तरी पुरे.

आवरताना

ठोकळे मोजून पिशवीत भरणं हे मुलांचंच काम, आणि तेही बोलून. एक मोजतो, दुसरा पिशवीवर लिहिलेला आकडा वाचतो, जुळला तर पिशवी बंद, नाही तर तो ग्रुप शोधतो, पूर्ण वर्ग नाही. सुट्टीची घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी सुरू करा, घंटेनंतर केलं की सहा ठोकळे कमी भरतात. बालवाडीची खोली शेजारी असेल तर जमिनीवर एकही ठोकळा राहिलेला नाही हे स्वतः बघा, तीन वर्षांखालचं मूल तो तोंडात घालतं.

धुवायचे झाले तर जाळीच्या पिशवीत घालून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि उन्हात न टाकता सावलीत पसरा. ओले भरलेत तर आत पाणी राहून वास येतो आणि पुढच्या वेळी पिशव्या परत उघडून परत मोजाव्या लागतात.